वडोदऱ्यातल्या मराठी घराण्याचा माग: जुने कायदे आणि जमिनीचे नकाशे कसे वाचावेत

वडोदऱ्यातल्या बहुतेक मराठी घरांत एक गोष्ट हमखास ऐकू येते. पणजोबा गायकवाडांच्या पदरी होते, महाराजांनी वाडा दिला, पादरा गावाकडे जमीन दिली. खोदून विचारलं तर नाव ‘दादासाहेब’, साल ‘सयाजीरावांच्या काळात’ आणि जमिनीचं काय झालं, तर ‘गेली’. सयाजीराव तिसरे १८७५ ते १९३९ गादीवर होते. एवढ्या लांब पट्ट्यात कागद शोधायचा म्हटलं तर माणूस थकतो.

नवखा माणूस इथून थेट वंशावळ लिहायला बसतो आणि तिसऱ्या पिढीला अडकतो. माझा सल्ला उलटा आहे: माणूस बाजूला ठेवा, आधी जागा पकडा. माणसाला टोपणनाव असतं, तो दत्तक जातो, आडनाव बदलतो. जागा हलत नाही. शिवाय नवा कायदा आला की सरकार दारात येऊन विचारतं, ‘हे कुणाचं? कशावरून?’ आणि मिळालेलं उत्तर लिहून ठेवतं. तेव्हा दोनच गोष्टी कळायला हव्यात: आपली जागा नकाशावर कुठल्या नंबरची आणि कुठल्या साली कुठल्या कायद्यानं कुणाला ते उत्तर द्यायला लावलं.

आधी घरातली पेटी

वेराबिल (घरपट्टीचं बिल), लाइटबिलाचं जुनं नाव, खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, कोर्टाचा हुकूमनामा, पेन्शनचं पुस्तक, लग्नपत्रिका, काय असेल ते बाहेर काढा. प्रत्येक कागदावरून चार गोष्टी वहीत उतरवा: तारीख जशी लिहिली आहे तशी, गाव किंवा मोहल्ला, कुठलाही नंबर आणि साक्षीदारांची नावं. साक्षीदार सोडू नका, बहुतेक वेळा तो मेहुणा, व्याही किंवा शेजारी असतो.

कामाला हात लावण्याआधी एक फोन मात्र करा. थोरल्या काकांना, आत्यांना सांगा की तुम्ही इतिहास शोधताय, हिस्सा नाही. जमिनीचे उतारे काढणारा पुतण्या घरात पटकन संशयाला पात्र होतो आणि मग ज्या आजीला सगळं ठाऊक असतं तीच गप्प बसते.

राज्य कुणाचं होतं, ते ठरवा

बडोदा संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. १ मे १९६० पासून गुजरात. म्हणजे एकाच घराच्या कागदांवर तीन सरकारांचे शिक्के असू शकतात आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. गायकवाडीत जिल्ह्याला प्रांत म्हणत, तालुक्याला महाल. प्रांताचा अधिकारी सुभा आणि महालाचा वहिवटदार. कडी, बडोदा, नवसारी, अमरेली हे मुख्य प्रांत. आजोबा ‘अमरेलीचे’ म्हणून सांगितले जात असतील तर ते काठेवाडी ठरत नाहीत, नोकरीत तिकडे बदली झाली असेल एवढाच त्याचा अर्थ. कायद्याला तेव्हा ‘निबंध’ म्हणत आणि सरकारी गॅझेट ‘आज्ञापत्रिका’ या नावानं निघे. जुन्या सूचीत शोधताना हे शब्द माहीत नसले तर हातातला कागदही दिसत नाही.

शहरातलं घर

आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे शेती कधी नव्हतीच. पूर्वज शिलेदार, कारकून, शिक्षक, खासगीतले नोकर. त्यांच्यासाठी पहिला कागद सातबारा नाही, सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, बाबाजीपुरा, घडियाळी पोळ, कुठेही असलं तरी कसबे वडोदऱ्यातल्या घराची ओळख विभाग, टिका आणि सिटी सर्व्हे नंबर या तिघांनी होते. हे तीन आकडे वेराबिलावर नसतील तर अलीकडच्या दस्तात नक्की सापडतात.

कार्डावर धारकाचं नाव, क्षेत्रफळ, धारण प्रकार आणि खाली एकेक फेरफार तारखेसह लिहिलेला असतो. सगळे शेवटचं नाव बघून कार्ड मिटतात. तुम्ही सगळ्यात वरच्या नोंदीपासून सुरुवात करा. मोजणीच्या वेळी चौकशी अधिकाऱ्यानं जागोजाग विचारून रजिस्टर केलेलं असतं: ही जागा कुणाकडून आली, पुरावा काय दाखवला. त्या चौकशी रजिस्टरची नक्कल मागा. ‘वडिलोपार्जित’ एवढंच लिहिलं असेल तर निराश व्हायला होतं, पण कित्येकदा खरेदीखताची तारीख तिथेच मिळते. आणि हो, ‘महाराजांनी दिलेला’ वाडा इथे साधा विकत घेतलेला निघण्याची शक्यता बरीच आहे. त्यात कमीपणा काही नाही. खरेदीखत हे दंतकथेपेक्षा कितीतरी जास्त बोलतं.

आता नकाशा. सिटी सर्व्हेच्या शीटवर प्रत्येक जागा, बोळ, सामाईक भिंत काढलेली असते. शेजारी जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा ठेवा. समजा तिच्यात लिहिलंय: पूर्वेस जाहीर रस्ता, पश्चिमेस वैद्यांचं घर, उत्तरेस देवळाची भिंत, दक्षिणेस बोळ. कागदावर असं घर चौकोनासारखं काढा, चारी बाजू लिहा आणि शीटवर देऊळ शोधा. देवळं आणि बोळ सहसा हलत नाहीत. देऊळ सापडलं की त्याच्या दक्षिणेला लागून असलेला नंबर तुमचा असणार. मग पश्चिमेच्या नंबराचं कार्ड काढा आणि तिथे वैद्य आहेत का ते बघा. असतील तर जागा पक्की.

इथून खरी मजा सुरू होते. वैद्यांच्या घराच्या खरेदीखतात पूर्वेची सीमा म्हणून तुमच्या पणजोबांचं नाव असणार. तुमच्या घरातले कागद जळाले, वाळवीनं खाल्ले, भावकीत अडकले तरी शेजाऱ्याचा दस्त सब-रजिस्ट्रारकडे नोंदलेला असतो. वैद्यांनी १९१२ मध्ये घर घेताना पूर्वेस ‘रामराव’ आणि १९२६ मध्ये ते विकताना पूर्वेस ‘रामराव यांची विधवा’ असं लिहिलं असेल, तर रामरावांचा मृत्यू त्या दोन सालांमध्ये आला. मृत्यूचा दाखला नसतानाही. म्हणून आपल्या नंबराबरोबर चारी शेजाऱ्यांचे इंडेक्स, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीचे उतारे, काढायची सवय लावा. सब-रजिस्ट्रारकडचा सर्च वर्षागणिक चालतो, म्हणून आधी कार्डावरून सालं आवळून घ्या.

गावठाणाबाहेरचा भाग, म्हणजे जिथे पूर्वी शेतं होती आणि आता सोसायट्या आहेत, तिथे टीपी (नगररचना) स्कीमचा नकाशा लागतो. त्यात मूळ प्लॉट आणि फायनल प्लॉट (एफपी) दोन्ही दाखवलेले असतात आणि सोबतच्या तक्त्यात मूळ मालकाचं नाव आणि सर्व्हे नंबर. आजच्या एफपी नंबरावरून जुन्या शेताच्या नंबरापर्यंत मागे जायचा हाच रस्ता.

गावाकडची जमीन

पादरा, डभोई, करजण, सावली, शिनोर, वाघोडिया, गाव कुठलंही असो, घरबसल्या पहिलं काम ‘एनी आरओआर’ या गुजरात सरकारच्या संकेतस्थळावर होतं. जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे किंवा ब्लॉक नंबर टाकला की सातबारा दिसतो. आपल्याला चालू सातबाऱ्यात रस नाही. जुन्या हस्तलिखित सातबाराच्या स्कॅन प्रती तिथेच वेगळ्या विभागात आहेत, त्या उघडा. धारकाच्या नावापाशी आकडे लिहिलेले असतात, ते नोंद नंबर. हा प्रत्येक नंबर गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे हक्कपत्रकात, उघडून वाचायचा.

सगळं गुजरातीत असतं, पण वडोदऱ्यातल्या माणसाला त्याचं काय! वारसाईची नोंद साधारण अशा थाटाची असते: ‘खातेदार गणपतराव रामराव मरण जतां तेमना सीधी लीटीना वारस तरीके (१) माधवराव गणपतराव (२) सगीर यशवंतराव गणपतराव, वाली तेनी मा (३) बाई सरस्वती, ते गणपतरावनी विधवा.’ नावं मी नमुन्यादाखल घातली आहेत, घाट मात्र असाच. या एका वाक्यात किती आहे बघा. गणपतरावांच्या वडिलांचं नाव रामराव. बायको हयात. दोन मुलगे, त्यातला धाकटा नोंदीच्या दिवशी अज्ञान. म्हणजे त्याचा जन्म नोंदीच्या आधीच्या १८ वर्षांतला. खाली मरणाची तारीख, तलाठ्याची सही आणि सर्कल अधिकाऱ्याची मंजुरी. या नोंदीबरोबर तलाठ्यासमोर पंचांच्या सह्यांनी केलेला पेढीनामा जोडलेला असतो. तो मामलतदार कचेरीच्या दप्तरातून मागून घ्या, कारण सरकारी कागदावर आयती वंशावळ बहुधा तिथेच मिळते.

मुलींसाठी वेगळी नोंद शोधा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुलींची नावं वारसांत येऊ लागली आणि मागोमाग बहुतेक घरांत ‘हक कमी’ची नोंद पडली, म्हणजे बहिणींनी भावांसाठी नाव काढून घेतलं. न्याय-अन्यायाचा प्रश्न वेगळा. शोधणाऱ्याला मात्र त्या नोंदीत बहिणींची सासरची आडनावं आणि गावं मिळतात. इंदूर, धार, ग्वाल्हेर, पुणे, कुठे कुठे दिलेल्या आत्या तिथे एका ओळीत उभ्या असतात.

नामंजूर झालेली नोंद दिसली तर सोडू नका. नामंजूर म्हणजे कुणीतरी हरकत घेतली, म्हणजे जबाब झाले, म्हणजे घरातलं भांडण सरकारी खर्चानं लिहून ठेवलं गेलं.

नंबर जुळत नाही तेव्हा

आजीच्या कागदावर सर्व्हे नंबर १४२, गावच्या आजच्या यादीत १४२ म्हणजे भलत्याचीच जमीन. नवखे इथे हात टेकतात. कारण पुन्हा कायद्यातच आहे. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली विखुरलेले तुकडे जोडून गावोगाव नवे ब्लॉक नंबर दिले गेले. त्यानंतर अलीकडच्या फेरमोजणीत पुन्हा नंबर फिरले. तेव्हा नुसता नंबर लिहू नका, ‘१४२, जुना सर्व्हे’ किंवा ‘ब्लॉक’ किंवा ‘फेरमोजणीनंतरचा’ असं लिहा. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ गावाच्या एकत्रीकरणाच्या तक्त्यात आणि भूमी अभिलेख कचेरीतल्या कमी-जास्ती पत्रकात सापडतो. त्याच कचेरीतून गावचा जुना नकाशा आणि आपल्या नंबराचं टिपण मागा. टिपण म्हणजे मोजणीदारानं शेतावर काढलेलं रेखाटन, बांधांच्या लांबीसकट.

दोन नकाशे एकावर एक ठेवायचे असतील तर शेताच्या बांधावर भरवसा नको. गावतळं, नाला, गाडीवाट, रेल्वेचा रूळ यांवरून जुळवा. ट्रेसिंग पेपर पुरतो.

नंबरापुढे ‘पैकी’ आलं की कान टवकारा. १४२ पैकी १, १४२ पैकी २ असे तुकडे पडले म्हणजे वाटणी झाली किंवा काही भाग विकला. टिपणावर नवी रेघ कुठून गेली आणि त्याची नोंद कुठल्या साली पडली, हे बघितलं की भाऊ कधी वेगळे झाले ते कळतं. विहीर कुणाच्या तुकड्यात आली, गाडीवाट कुणाला मिळाली, त्यावरून थोरला कोण याचा अंदाजही बांधता येतो. पण तो अंदाजच. वहीत पेन्सिलीनं लिहा.

क्षेत्र विघ्यात असेल तर घाईनं एकर करू नका. या भागात एका एकराचे साधारण पावणेदोन विघे धरतात, २० वसांचा १ विघा. प्रांतागणिक विघा बदलतो, म्हणून मूळ आकडा कायम ठेवा.

कायद्यावरून माणूस

‘जमीन गेली’ याचं उत्तर बहुधा १९५० च्या दशकात असतं. गायकवाडीत सरकारी जमिनीखेरीज ‘बारखली’ म्हणून मोठा वर्ग होता: इनाम, देवस्थान, पसायता (गावच्या सेवेबद्दलची), चाकरियात, वाँटा (जुन्या गिरासदारांच्या वाट्याची), वेचाण-घेराण (विकलेली आणि गहाण दिलेली). विलीनीकरणानंतर मुंबई सरकारनं हे एकामागून एक मोडीत काढलं. व्यक्तिगत इनामं रद्द करणारा १९५२ चा कायदा १ ऑगस्ट १९५३ पासून लागू झाला. बडोद्याची वतनं आणि मूळगिरास (गिरासदारांचे जुने जमीनहक्क) यांच्यासाठी १९५३ मध्ये स्वतंत्र कायदे झाले. म्हणून त्या सुमाराच्या नमुना ६ मध्ये कायद्याचं नाव घेऊन पडलेली नोंद शोधा. तिथे जमीन कुठल्या प्रकारची होती ते लिहिलेलं असतं आणि प्रकार कळला की पूर्वज काय करत होते ते कळतं. ‘चाकरियात’ असेल तर चाकरी होती, ‘देवस्थान’ असेल तर पूजा-व्यवस्था. ‘वेचाण’ असेल तर कुणीतरी दिली नव्हती, पैसे मोजून घेतली होती.

त्याहून नेमकी माहिती कुळकायद्याच्या फायलींत मिळते. गुजरातीत याला गणोतधारा म्हणतात आणि निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला कृषिपंच. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन; त्या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं आणि कलम ३२-ग खाली जमिनीची किंमत ठरली. याला अपवाद ठेवला होता कलम ३२-फ मध्ये: जमीनदार विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर कुळाचा हक्क पुढे ढकलला जाई. आता विचार करा, तुमच्या घरच्या जमिनीवर ‘३२-फ’ची नोंद आहे. याचा अर्थ बहुधा १९५७ मध्ये मालकी एखाद्या विधवेच्या, लहान मुलाच्या किंवा अपंग माणसाच्या नावावर होती. फाईल उघडली तर त्या मुलाचं वय, पालकाचं नाव, राहण्याचा पत्ता, सगळं जबाबात असतं. शहरात राहणाऱ्या मराठी जमीनदारांच्या बाबतीत तर हा पत्ता सोन्यासारखा, कारण तो पुन्हा सिटी सर्व्हेच्या कार्डाकडे घेऊन जातो.

सातबाऱ्यावर ‘नवी शरत’ लिहिलं असेल तर ती जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कुळकायद्यानं मिळालेल्या किंवा वतन रद्द झाल्यावर परत दिलेल्या जमिनीवर हा शेरा येतो. त्याची मूळ नोंद शोधलीच पाहिजे.

गायकवाडीचे सामाजिक कायदेही असेच वापरता येतात. प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग म्हणून आणि १९०६ पासून संस्थानभर सक्तीचं झालं. त्यामुळे त्यानंतर शाळेत जाण्याच्या वयाची झालेली मुलं शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असण्याची शक्यता मोठी, मुलीसुद्धा. जुन्या सरकारी शाळेत जाऊन जन्मतारीख बघा. १९०४ च्या बालविवाह प्रतिबंधक निबंधानं मुलीचं वय १२ आणि मुलाचं १६ ठरवलं होतं. दंड भरून लग्नं लावणारे काही कमी नव्हते, त्यामुळे वय कायद्यात बसत नाही म्हणून घरची हकीकत खोटी ठरवू नका; दंडाची नोंद मिळते का ते बघा. घटस्फोटाचा कायदा बडोद्यात १९३१ मध्ये आला. कुणा काकूंबद्दल घरात आवाज खाली करून बोललं जात असेल, तर ते साल लक्षात असू द्या.

दप्तर, मोडी आणि तारखा

इथवर पोचल्यावरच राज्य अभिलेखागाराच्या वडोदऱ्यातल्या कचेरीत जा. आधी गेलात तर हुजूर कचेरीच्या, म्हणजे संस्थानाच्या मुख्य कचेरीच्या, दप्तरांच्या याद्या बघून चक्रावाल. तिथे ‘माझ्या पणजोबांबद्दल काय आहे’ असं विचारू नका, त्याचं उत्तर कुणाकडे नसतं. ‘अमुक महाल, अमुक गाव, बारखली, साल १८८० ते १८९०’ असं विचारा. त्याच जोडीला सेंट्रल लायब्ररीत किंवा विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत गायकवाडीचं जुनं गॅझेटियर, जनगणनेचे आणि कारभाराचे अहवाल विचारून घ्या. संस्थानाचं कारभारी वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे, हे अहवाल वाचताना ध्यानात ठेवा.

मोडी आलीच पाहिजे असं नाही. सुरुवातीला गावाचं, आजोबांचं नाव आणि महिना एवढं ओळखता आलं तरी कुठला कागद वाचून घ्यायचा ते ठरवता येतं; बाकीचं जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. तारखा मात्र स्वतः शिका. गुजरातीतला विक्रम संवत कार्तिकात बदलतो: दिवाळीनंतर डिसेंबरअखेर ५७ वजा करायचे, पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. संवत १९५६ चा कार्तिक म्हणजे नोव्हेंबर १८९९. इथूनच तो ‘छप्पनियो’ दुष्काळ. उत्तरेकडच्या पद्धतीचा चैत्री संवत इथे लावलात तर वर्ष चुकेल. जुन्या मराठी कागदांवर सुहूर सन (मराठेशाहीतली कालगणना) असतो, तोही अरबी शब्दांत: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १, ६०, १०० आणि १०००, मिळून ११६१. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढे ६००. पानिपतची लढाई याच सुहूर सनात, जानेवारी १७६१ मध्ये झाली, त्यामुळे ताळा करायला हे वर्ष सोयीचं.

वहीत शेवटी एक पान गावासाठी ठेवा, दख्खनेतल्या मूळ गावासाठी. इथल्या कागदात ते क्वचितच थेट लिहिलेलं असतं, पण दत्तकपत्रात, देवस्थानाच्या सनदेत किंवा हक सोडणाऱ्या आत्याच्या सासरच्या पत्त्यात डोकावतं. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांकडच्या वह्यांत घराण्याचं नाव मिळालं तर त्यातली सही आणि साल इथल्या पेढीनाम्याशी ताडून बघा. नक्कल मागताना अर्जात गाव, नंबर जुना की नवा, नोंद क्रमांक आणि साल लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ‘जुनं रेकॉर्ड मिळत नाही’ असं तोंडी सांगितलं तर तेच लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा रेकॉर्ड मिळतं. नाहीच मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.